भंगारातली पेटी

बहुतेक शाळांच्या संगणक कक्षाला एक मागचा कोपरा असतो. तासगावात असो की विट्यात, तिथले दृश्य सारखेच. एकावर एक रचलेले कीबोर्ड, शेपट्या गुंतलेले माउस, फुगीर काचेचे दोन-चार मॉनिटर आणि झाकण निघालेल्या पेट्या. यातले बरेचसे सामान बिघडलेले नसते, फक्त जुने झालेले असते. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असल्यामुळे ते टाकता येत नाही आणि निर्लेखनाची फाइल पुढे सरकत नसल्यामुळे विकताही येत नाही. मग ते धूळ खात पडते आणि एके दिवशी किलोच्या भावाने उचलले जाते.

त्याच शाळेच्या मागच्या बाकावर एक मुलगा असतो. गणपती आले की मिरवणुकीतल्या डीजेच्या गाडीभोवती तो घुटमळतो. स्पीकरच्या भिंतीपेक्षा गाडीवर बसलेल्या माणसाच्या हाताखालच्या बटणांकडे त्याचे लक्ष जास्त असते. त्या बटणांच्या पाटीला कंट्रोलर म्हणतात. दुकानात अगदी साधा, २५ पट्ट्यांचा कंट्रोलर घ्यायचा तरी काही हजार रुपये लागतात. बेदाण्याचा भाव पडलेल्या वर्षी घरात असा खर्च सांगायची कोणाची हिंमत होत नाही.

हा कोपरा आणि हा मुलगा यांची गाठ घालून देता येते. त्यासाठी मोठे तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती एका शिक्षकाची परवानगी, पाचशे-सहाशे रुपयांचे एक छोटे सर्किट आणि काय उघडायचे, काय अजिबात उघडायचे नाही याची माहिती. यातली शेवटची गोष्ट आरोग्याची असल्यामुळे तिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलावे लागेल.

आधी कंट्रोलर म्हणजे काय ते पाहू. तो स्वतः आवाज काढत नाही. कोणते बटण दाबले, कधी दाबले आणि कधी सोडले एवढेच तो संगणकाला कळवतो. आवाज संगणक काढतो. या कळवण्याची भाषा जगभर एकच आहे. तिचे नाव मिडी, आणि ती १९८३ पासून फारशी बदललेली नाही. एक सूर सुरू करायला तीन आकडे पुरतात. पहिला आकडा ‘सूर सुरू कर’ असे सांगतो, दुसरा कोणता सूर ते सांगतो आणि तिसरा किती जोरात ते सांगतो. मध्य सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक म्हणजे ६१. मूळच्या मिडी तारेतून हे तीन आकडे जायला एक मिलिसेकंदही पुरा लागत नाही.

ही भाषा घडवणाऱ्यांपैकी एक होते जपानचे इकुतारो काकेहाशी. तरुणपणी त्यांनी घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करून पोट भरले. फुप्फुसाच्या क्षयाने त्यांना काही वर्षे रुग्णालयात काढावी लागली. तेव्हा नवीनच असलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने ते वाचले, आणि बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा दुरुस्तीचेच दुकान टाकले. त्यातून पुढे १९७२ साली रोलंड ही वाद्यांची कंपनी उभी राहिली. अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ यांच्या बरोबरीने त्यांनी मिडी पुढे आणली आणि तिच्यावर कोणाची मालकी ठेवली नाही. वापरायला परवाना नाही, शुल्क नाही. तासगावच्या शाळेतल्या मुलाला आज ती फुकट मिळते, ती या निर्णयामुळे. २०१३ साली दोघांना तांत्रिक कामगिरीचा ग्रॅमी मिळाला.

आता जुना कीबोर्ड उलटा करून स्क्रू काढा. आत पारदर्शक प्लॅस्टिकचे पातळ थर आणि नखाएवढी चिप असलेली एक लहान हिरवी पट्टी दिसते. शंभरावर बटणे आहेत, पण शंभर तारा कुठेच नाहीत. तारांची जाळी असते. समजा आठ आडव्या आणि अठरा उभ्या तारा आहेत. त्या एकमेकींना १४४ ठिकाणी ओलांडतात आणि तारा मात्र २६ च लागतात. चिप एकेका तारेत क्षणभर वीज सोडून दुसऱ्या बाजूने कुठून बाहेर येते ते बघते, आणि हे सगळे सेकंदाला शेकडो वेळा चालते. दहावीच्या पुस्तकातला विद्युत परिपथ इथे पहिल्यांदा काही कामाचा वाटू लागतो.

या जाळीत एक गंमतशीर खोट आहे, आणि ती संगीत वाजवतानाच उघडी पडते. जाळीतल्या एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले, की वीज वळसा घालून चौथ्या कोपऱ्यातून येते आणि न दाबलेले बटण दाबल्यासारखे दिसते. हे भूत टाळायला बहुतेक कीबोर्ड तिसरे बटण सरळ नाकारतात. टायपिंग करताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. सा-ग-प एकत्र दाबल्यावर मात्र पंचम गायब होतो आणि पोरगे चक्रावते. उपाय स्वस्त आहे. एकाच चौकोनाचे कोपरे होणार नाहीत अशी बटणे निवडायची, किंवा स्वतःची बटणे जोडून प्रत्येकाला एक डायोड लावायचा. डायोड रुपया-दोन रुपयांना मिळतो. पण भूत का येते हे कागदावर चौकोन काढून शोधण्यात जी संध्याकाळ जाते, ती शंभर प्रात्यक्षिक वह्यांना भारी आहे.

दुसरी खोट म्हणजे संगणकाच्या बटणाला जोर कळत नाही. ते दाबलेले असते किंवा नसते. चांगल्या मिडी कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला यावरून जोर मोजतात. भंगारातल्या कीबोर्डात हे नसते, म्हणून पाश्चात्त्य मंडळी नाक मुरडतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे पियानो असतो. आपल्याकडची पेटी घ्या. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होतो का? तो भात्यावर ठरतो. म्हणजे उजव्या हाताला जुना कीबोर्ड आणि डाव्या हाताला भात्यासारखे काहीतरी दिले की पेटीच्या कामाला हे यंत्र मुळीच कमी पडत नाही.

भात्याच्या जागी गोळीचा जुना माउस चालतो. त्याच्या पोटात खाचा असलेली दोन चाके असतात. चाकाच्या एका बाजूला अदृश्य प्रकाशाचा दिवा, दुसऱ्या बाजूला तो बघणारा डोळा. खाच आली की उजेड, दाता आला की अंधार. थोड्या अंतरावर असे दोन डोळे असल्यामुळे चाक कोणत्या बाजूला फिरले हेही कळते. हेच चाक लाकडी फळीला जोडले की फळीच्या हलण्यावरून आवाज लहान-मोठा करता येतो. आणि पेटीला जे कधीच जमले नाही ते मोडक्या लॅपटॉपच्या टचपॅडला जमते. त्यावर बोट सरकवले की मींड निघते. मिडीत सूर वर-खाली सरकवायला १६,३८४ पायऱ्या आहेत.

इथे थोडे विषयांतर करायला हरकत नाही. पेटीवर आपल्याकडे शंभर वर्षे वाद चालू आहे. आकाशवाणीने तर १९४० पासून तीस वर्षे तिला दार बंद केले होते. तक्रार अशी की तिचे सूर समान अंतरावर बसवलेले असतात, रागाला हवे तिथे नसतात. ती तक्रार हिशेबाला धरून आहे. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार ३०० वर येतो, पेटीचा ३०२.४ वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन-तीन लाटा कानाला जाणवतात. पेशाने डॉक्टर असलेल्या विद्याधर ओक यांनी यावर उपाय म्हणून २२ श्रुतींची पेटी तयार केली. घरच्या कंट्रोलरमागे संगणक असतो, त्यामुळे तिथे गंधार उतरवायला पितळी पत्ती घासावी लागत नाही, एक आकडा बदलला की झाले. मुलाला अपूर्णांक, कंपनसंख्या आणि यमन एकाच दुपारी भेटतात.

आपल्या भागात हे काम परके वाटायचे कारणही नाही. तासगावपासून मिरज तासाभराच्या आत आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. ते शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या आणि ती दुरुस्त करणाऱ्या घराण्यातले. तलवारींचे दिवस सरले, हातातली कारागिरी राहिली. ती भोपळ्यावर आणि तारांवर वळली, आणि पुढच्या पिढ्यांनी देशभरच्या गवयांना तानपुरे पुरवले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एका काळाचे टाकाऊ कौशल्य दुसऱ्या काळाचे वाद्य कसे होते, हे याहून जवळचे उदाहरण कुठे शोधायचे? कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी काही वर्षांपूर्वी एकाने भंगारातले सुटे भाग जोडून दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले होते. कौतुक झाले, पण ती दृष्टी शाळेच्या वेळापत्रकात आली नाही.

पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हेच केले. हाताने करत शिकायचे, आणि शिकलेले गावाच्या उपयोगी पडले पाहिजे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने २००२ साली फॅब लॅब उभारली गेली तीही तिथे. सरकारी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आज अनेक शाळांत आहेत. त्यातल्या काहींची कुलपे तपासणीच्या दिवशीच उघडतात, हे पालकांना माहीत आहे. नव्या महागड्या संचाला पोरांनी हात लावला आणि तो बिघडला तर जबाबदार कोण, ही भीती त्यामागे असते. भंगाराचा मोठा गुण हा की त्याला ही भीती नसते. ते आधीच बिघडलेले आहे.

पण भंगार म्हणजे खेळणे नव्हे. ‘जुगाड’ या शब्दाभोवती जो कौतुकाचा धूर असतो, तो इथे आधी बाजूला सारायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मुले आणि ई-कचरा या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. तांब्यासाठी वायरी जाळणे, सर्किटे आम्लात बुडवणे, शिसे वितळवणे या कामांत मुले राबवली जातात आणि त्यांच्या वाढत्या मेंदूची हानी होते, हा त्याचा आशय. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद त्यातल्या २२.३ टक्क्यांचीच आहे. म्हणून एक रेघ ठळक ओढली पाहिजे. स्क्रू काढून कीबोर्ड उघडणे वेगळे आणि ई-कचऱ्यातून धातू काढणे वेगळे. पहिले शाळेत चालेल, दुसरे कुठेच नाही.

कीबोर्ड, माउस, टचपॅड आणि जॉयस्टिक ही सारी ५ व्होल्टवर चालतात, त्यांचा झटका बसत नाही. सीपीयूच्या डब्यातला वीजपुरवठ्याचा पत्र्याचा खोका मात्र उघडायचाच नाही. घरातली २३० व्होल्टची वीज आत सरळ केली की सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते. ती कपॅसिटरमध्ये साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकते. फुगीर मॉनिटर तर त्याहून वाईट. आत वीसेक हजार व्होल्ट, निर्वात नळी आणि शिसेमिश्रित काच. तो आहे तसा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे गेला पाहिजे. हार्ड डिस्कची चकती फिरवून डीजेसारखे ‘स्क्रॅच’ करता येते, हे मुलांना इंटरनेटवरून कळतेच. तेव्हा त्यांना हेही सांगावे की लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधली चकती बऱ्याचदा काचेची असते आणि फुटली की तिचे बारीक तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात.

सगळ्यात छोटी वस्तू सगळ्यात दगाबाज आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. घरात लहान भावंड असेल आणि त्याने तो गिळला, तर अन्ननलिकेत अडकून तो दोन तासांच्या आत जखम करू शकतो. विजेमुळे तिथल्या ओलाव्यात दाहक क्षार तयार होतो, आणि सेल उतरलेला वाटला तरी एवढी ताकद त्यात उरलेली असू शकते. असे झाल्याचा संशय जरी आला तरी शौचातून पडेल म्हणून वाट पाहू नये. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने जावे.

सोल्डरिंगबद्दल एक गैरसमज पालकांत आहे आणि दुसरा मुलांत. पालकांना वाटते त्या धुरात शिसे असते. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होण्याइतकी उष्णता नसते, धूर असतो तो राळेचा. मुलांना वाटते, मग काही हरकत नाही. हरकत आहे. राळेचा धूर श्वासनलिकेला चुरचुरतो आणि त्याने दमा बळावू शकतो. त्यामुळे खिडकी उघडी हवी आणि पंख्याने धूर तोंडापासून दूर जायला हवा. शिसे शरीरात जाते ते बोटांवरून. एका हातात सोल्डरची तार आणि दुसऱ्या हाताने भडंग खाणे ही खास आपल्याकडची शक्यता आहे. हात साबणाने धुतल्याशिवाय खाणे नको, आणि शाळेने शिसेविरहित सोल्डरच आणावे. ते थोडे महाग पडते, वितळायलाही जास्त उष्णता लागते, पण मुलांच्या बाबतीत हा खर्च वाचवू नये.

एवढी काळजी घेऊन हा उद्योग करायचाच कशाला, असे विचारता येईल. फक्त सूर वाजवायचे तर कीबोर्ड न उघडता संगणकाला जोडून एखादे मोफत सॉफ्टवेअर घेतले की काम होते. हे खरे आहे आणि ते मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवे. उघडायचे ते आपल्या हाताच्या सोयीची मांडणी करता यावी म्हणून. याचे एक महत्त्वाचे कारण घरातच खाटेवर बसलेले असू शकते.

पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत आणताना तेच तेच व्यायाम करावे लागतात आणि रुग्ण कंटाळतो. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांना मिडी पियानो आणि इलेक्ट्रॉनिक तबकड्या वाजवायला देऊन तीन आठवडे सराव करून घेतला. बोटांच्या बारीक हालचालींसाठी पियानो, खांदा-कोपराच्या मोठ्या हालचालींसाठी तबकड्या. नेहमीच्या उपचाराला ही जोड मिळालेल्यांची हालचाल अधिक सुधारली. अभ्यास लहान होता, त्यावरून चमत्काराचे दावे करू नयेत. पण हात नेमका पडला की लगेच सूर ऐकू येतो, त्यामुळे मेंदूला चूक-बरोबर त्याच क्षणी कळते, हे त्यामागचे तर्कशास्त्र पटणारे आहे. बाजारात असे खास साधन मिळालेच तर महाग असते. आजोबांच्या हाताला जमतील अशी तळहाताएवढी आठ बटणे, त्यांना परिचित भजनाचे आठ सूर, आणि मागे कीबोर्डमधली तीच हिरवी पट्टी एवढे मात्र नववीतली नात महिनाभरात जोडू शकते. बटणे किती अंतरावर हवीत हे भौतिकोपचारतज्ज्ञाला विचारून ठरवावे. कोणत्याही औषधाऐवजी हे वापरू नये.

राहिला डीजे. या शब्दाचा अर्थ आपल्याकडे कधी बदलला ते कळलेही नाही. मुळात ते वाजवणाऱ्या माणसाचे नाव, आता ते स्पीकरच्या भिंतीचे झाले आहे. २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतल्या दणदणाटानंतर सांगली जिल्ह्यात दोन तरुणांचा मृत्यू झाल्याच्या बातम्या राज्यभर गाजल्या. त्या मृत्यूंना आवाजच कारणीभूत होता का, हे बातमीवरून ठरवता येत नाही. कानाच्या बाबतीत मात्र असा संदिग्धपणा नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ही कामाच्या जागेसाठी मानली जाणारी मर्यादा आहे. दर तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. आपल्या नियमांत रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे. अंतर्कर्णातल्या केसांसारख्या पेशी मोजक्याच असतात आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीनंतर रात्री उशीवर डोके टेकल्यावर कानात शिट्टी वाजते, ती त्या पेशींची तक्रार असते.

स्वतःचे वाद्य बनवणारा मुलगा भिंतीपुढे नाचणार नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तो नाचेलही. हेडफोन मोठा करून ऐकेलही, त्याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. पण कंट्रोलर बनवताना तो काही गोष्टी कानाने शिकलेला असतो. बटण आणि सूर यांत दहा मिलिसेकंदांचा उशीर झाला तर स्पीकर साडेतीन मीटर लांब असल्यासारखे का वाटते, आणि तबल्याच्या बोलाला तेवढाही उशीर का खुपतो, हे त्याने अनुभवलेले असते. बटणाची पत्ती दाबल्यावर थरथरते आणि एका ‘धा’चे दोन ‘धा’ होतात, म्हणून त्याने प्रोग्रॅममध्ये पाच मिलिसेकंदांची वाट घातलेली असते. इतके बारीक ऐकायची सवय लागलेला कान जपावासा वाटण्याची शक्यता जास्त आहे, एवढेच म्हणता येईल.

तेव्हा शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी निर्लेखनाच्या प्रस्तावात एक ओळ घालावी. लिलावाआधी कीबोर्ड, माउस, टचपॅड आणि वायरी विज्ञान शिक्षकाच्या ताब्यात द्याव्यात. मॉनिटर, वीजपुरवठ्याचे खोके, सेल आणि उरलेली सर्किटे ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्राकडेच जावीत, गल्लीतल्या भंगारवाल्याकडे नकोत. मुलांचे काम संपल्यावर जे उरेल तेही त्याच वाटेने जावे. लागणारे छोटे सर्किट, डायोड आणि सोल्डर यांचा वीस मुलांच्या गटाचा खर्च एखाद्या मंडळाच्या एका रात्रीच्या ध्वनियंत्रणेच्या भाड्याहून कमी भरेल.

तासगावचा गणपती दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला त्याचा रथ निघतो आणि तो आजही माणसेच दोरखंडांनी ओढतात. त्याच्या आसपास दरवर्षी शाळांची लेझीम आणि झांजपथके सराव करत असतात. यंदा त्या सरावाच्या मैदानाच्या कडेला, पटांगणातल्या एखाद्या खोलीत, संगणक कक्षाचा तो मागचा कोपरा उघडायला हरकत नाही. खिडकी उघडी ठेवून आणि साबणाची वडी नळापाशी ठेवून.